शनिवारचं टोमॅटोचं कॅरेट आणि बेचव सार

(सोसायटी ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे)

बी-३०२ काकू: शनिवारी गेटवर आलेले टोमॅटो कोणाकोणाला आवडले? काल सार केलं, नुसतं लाल पाणी. शेवटी चिंचेचा कोळ घातला. पुढच्या वेळी मी आपली जांभळी नाक्यावरूनच आणते.

सी-१००१: काकू, आमच्याकडेही तेच. हल्ली सगळं हायब्रीड, चव कुठून येणार!

डी-६०३: आमची पावभाजी तर मस्त झाली 👍 त्याच कॅरेटमधले टोमॅटो.

ए-७०४: काकू, आले तेव्हा टोमॅटो कसे होते? आणि ठेवले कुठे होते?

बी-३०२ काकू: थोडे पिवळट, थोडे गुलाबी. आल्या आल्या धुतले, पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. आठवडाभर टिकले की छान.

ए-७०४: टिकले, पण पिकले नाहीत काकू. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, घरचा टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला जातो आणि आपल्या गेटवरचं कॅरेटही भावानेच पाठवलेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे येणारा टोमॅटो झाडावर लाल होऊच देत नाहीत. बुडाला रंग दिसायला लागला की खुडतात. एका कॅरेटमध्ये २० किलो माल, टेम्पोत कॅरेटवर कॅरेट, त्यात माळशेजची वळणं. पिकलेलं फळ तळाशी फुटून जाईल. खुडल्यावरही टोमॅटो पिकत राहतो, केळ्यासारखाच. फळातूनच इथिलीन वायू सुटतो आणि रंग, मऊपणा, वास हे सगळं त्याच्यामुळे येतं. पण साधारण १२-१३ अंशांच्या खाली हे काम अडतं. घरचा फ्रिज असतो ४-५ अंशांवर. गुलाबी टोमॅटो तिथे बरेच दिवस राहिला की नंतर बाहेर काढूनही धड पिकत नाही. रंग डागाडागांनी येतो, गर पिठूळ होतो.

सी-१००१: पण मी तर पूर्ण लाल झालेलेच ठेवले होते फ्रिजमध्ये. तरी चव नाही.

ए-७०४: किती दिवस? दोन-तीन दिवसांनी फारसं बिघडत नाही. आठवडा झाला की वास जातो. २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी पिकलेले टोमॅटो ५ अंशांवर सात दिवस ठेवले, मग एक दिवस बाहेर. साखर आणि आंबटपणा जवळपास तसाच राहिला, पण टोमॅटोला त्याचा वास देणारी द्रव्यं बरीच घटली. ती तयार करणारी जनुकंच थंडीने मंदावली होती, आणि बाहेर काढल्यावरही पूर्ण पूर्वपदावर आली नाहीत. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकातून येतो ना. सारात टोमॅटोशिवाय काय असतं? जिरं, तूप, कढीपत्ता. तिथे लगेच कळतं. पावभाजीत मसाला आणि बटर वरचढ होतं, म्हणून ६०३ वाल्यांची छान झाली.

डी-६०३: 😄 पटलं.

सी-१००१: म्हणजे हायब्रीडचा काहीच दोष नाही?

ए-७०४: आहे. गावठी टोमॅटो बघा, चपटा, वर घड्या पडलेल्या, साल पातळ, कापला की ताटलीभर रस. बाजारातला लांबट टोमॅटो कापला की जाड भिंत दिसते आणि बियांभोवतीचा बुळबुळीत गर जेमतेम. त्या गरातच आंबटपणा जास्त आणि ग्लुटामेट, म्हणजे चव खुलवणारं द्रव्य, तेही भिंतीपेक्षा कितीतरी जास्त. रश्शाला जी खोल चव येते ती त्याच्यामुळे. म्हणून साराला बिया-गर काढून टाकू नका, शिजवून गाळा.

आणखी एक. कच्च्या गावठी फळाचे खांदे गडद हिरवे असतात. तो हिरवेपणा देणारं जनुक फळातली साखरही वाढवतं. जगभरच्या कितीतरी वाणांत फळ एकसारखं रंगावं म्हणून निवड करत गेले आणि ते जनुक निकामी झालेले वाणच पुढे आले. २०१२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. डाग नसलेला, सगळीकडून सारखा टोमॅटो आपणच गाड्यावर निवडून घेतो, हेही खरं.

आणि शेतकऱ्याला बोल लावू नका, एवढी कळकळीची विनंती. बांबू, तार, सुतळी, फवारण्या, मजुरी हे सगळं करून पैसे मिळतात ते वजनाचे. चवीचा भाव कोणी देत नाही. त्यात पानं मुरडणारा विषाणू आला की अख्खा प्लॉट जातो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षकसारखा वाण त्या विषाणूला, मर रोगाला आणि करप्याला तोंड देतो. असा वाण लावणारा माणूस घर चालवत असतो.

ई-२०४ काका: छान माहिती. पण ठाण्यात बाहेर ठेवून टिकणार किती? पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी.

ए-७०४: काका, आणल्यावर धुवायचे नाहीत, वापरताना धुवायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून लगेच काढायचे. परडीत कागद घालून एकाच थरात, देठाची बाजू खाली. फळातलं पाणी मुख्यतः देठाच्या खुणेतून उडतं आणि बुरशीही तिथूनच शिरते. चिरलेला टोमॅटो वेगळा काढा. खिडकीत उन्हात ठेवायची गरज नाही. उलट मे महिन्यात ओट्याजवळ ३० अंशांच्या वर गेलं की लाल रंग नीट धरतच नाही, केशरी-पिवळा राहतो. हॉलचा गार कोपरा बरा. लाल आणि किंचित मऊ झाले की फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवायचे, कोशिंबिरीला घ्यायचे तर तासभर आधी बाहेर.

ई-२०४ काका: आणि तूरडाळीत टोमॅटो घालून शिट्ट्या दिल्या की डाळ बोटचेपी राहते, तेही वाणामुळे का?

ए-७०४: नाही काका, ते आम्लामुळे, कुठल्याही टोमॅटोने होतं. डाळ आधी शिजवा, टोमॅटो फोडणीत घाला.

बी-३०२ काकू: सारासाठी मग गावठीच बघू का?

ए-७०४: मिळाले तर जरूर, पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपतील एवढेच घ्या. नाहीतर कॅरेटमधलेच तीन-चार दिवस बाहेर पिकू द्या. आणि दाबून बघू नका. देठाजवळ नाक लावा, झाडासारखा हिरवट वास आला की घ्या.

सी-१००१: या वेळी आम्ही दोन किलो घेतो, पण पिकलेले द्याल का? रविवारी पाहुणे आहेत.

ए-७०४: भावाला सांगते, एक कॅरेट लाल आणि एक गुलाबी पाठव म्हणून. लाल ज्यांना हवे त्यांनी फ्लॅट नंबरापुढे 'लाल' लिहा, बाकीच्यांना गुलाबी. गुरुवारी रात्री नऊपर्यंत कळवा, खुडणी शुक्रवारी पहाटे आहे.

बी-३०२ काकू: बी-३०२, दीड किलो, गुलाबी.

ई-२०४ काका: ई-२०४, एक किलो लाल, एक किलो गुलाबी.