ड्रम प्लगइनवर वाजवलेली गिटार रेकॉर्ड झाल्यावर मागे पडते, काय करावं?

सहावीतार:
नमस्कार मंडळी, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रम प्लगइनवर (ड्रमचा आवाज देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरवर) ठेका बसवलाय, साधाच, ९२ चा टेम्पो, आणि त्यावर अकूस्टिक गिटार माइकने रेकॉर्ड करतोय. वाजवताना हेडफोनमध्ये आपलीच गिटार उशिरा ऐकू येते त्यामुळे हात अडखळतो. ते सहन करून वाजवलं तरी नंतर ऐकताना अख्खी गिटार ड्रमच्या किंचित मागे, आणि शेवटपर्यंत तेवढीच मागे. बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे जितके सॅम्पल, म्हणजे बारीक तुकडे, हाताळतो तो आकडा) ५१२ आहे, सेकंदाला ४८००० सॅम्पलवर. बफर कमी केला की ड्रम फाटायला लागतात, कटकट आवाज येतो. शिवाय ड्रम मशीनसारखे वाटतात ते वेगळंच. गाणं मनापासून केलंय, ते असं निर्जीव ऐकवत नाही. कुठून सुरुवात करू?

ठेकेदार:
यात दोन वेगळ्या भानगडी आहेत, एकत्र धरल्या तर गोंधळ होईल. वाजवताना जो उशीर ऐकू येतो तो बफरचा. ५१२ सॅम्पल म्हणजे ४८००० वर साधारण १०.७ मिलिसेकंद, आणि आवाज आत येताना एकदा अन् बाहेर जाताना एकदा असं धरलं तर वीसच्या वर गेलाच, म्हणजे कुणीतरी तुमची गिटार सात मीटर लांब उभं राहून वाजवतंय असं समजा. यावर माइकसाठी सगळ्यात सोपा उपाय डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये. इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर) त्याचं बटण किंवा नॉब असतो, तो चालू करा आणि रीपरमधल्या ट्रॅकचं रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर गिटार दोनदा ऐकू येईल. मग बफर ५१२ राहिला तरी बिघडत नाही.

रेकॉर्ड झालेली गिटार मागे पडणं मात्र वेगळं. सॉफ्टवेअर ही भरपाई स्वतः करतं, पण ड्रायव्हर जो लेटन्सीचा, म्हणजे उशिराचा, आकडा सांगतो त्यावर विसंबून, आणि तो आकडा खरा असेलच असं नाही. इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच इनपुटला लावा, क्लिकचा ट्रॅक वाजवून तो दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा (त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद पाहिजे, नाहीतर फीडबॅकची शिट्टी), झूम करून दोन्ही ट्रॅकवरच्या क्लिकच्या सुरुवातींमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. तो आकडा प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, मग रेकॉर्डिंग, तिथल्या मॅन्युअल ऑफसेटमध्ये टाका आणि टेस्ट परत करा. अंतर दुप्पट झालं तर चिन्ह उलटं घ्या.

तारांकित:
वरचं सगळं बरोबर आहे. पुढेमागे इलेक्ट्रिक गिटार लावून अँप सिम्युलेटरमधून (अँप्लिफायरसारखा आवाज देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) वाजवायची असेल तर डायरेक्ट मॉनिटरिंग पुरत नाही कारण कोरडी गिटार ऐकू येते. तेव्हा ड्रमचा ट्रॅक फ्रीझ करा म्हणजे तो ऑडिओ होतो आणि प्रोसेसर मोकळा होतो, मग बफर १२८ वर आणला तरी फाटत नाही. विंडोजवर असाल तर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा ऑडिओ) ड्रायव्हरच वापरा. आणि इनपुट यूएसबी माइकमधून, आउटपुट लॅपटॉपच्या जॅकमधून असं तर नाही ना? दोन उपकरणांची घड्याळं वेगळी चालतात, मग गिटार हळूहळू सरकत जाते. तुमची तेवढीच मागे राहते म्हणताय म्हणजे ते नसावं. ब्लूटूथ हेडफोन मात्र रेकॉर्डिंगला अजिबात नको.

ड्रम मशीनसारखे का वाटतात यावर मी आग्रहाने सांगेन की आधी ड्रम पूर्ण सजवून त्यावर गिटार वाजवू नका. क्लिक आणि अगदी उघडाबोडका किक-स्नेअर (पायाचा मोठा आणि हाताचा छोटा ड्रम) ठेवा, गिटार मनासारखी घ्या, आणि मग ड्रम त्या गिटारच्या मागून लिहा. तुमचा उजवा हात जिथे जोर देतो तिथे किक गेली पाहिजे. हाय-हॅटचे (झांजांच्या जोडीचे) सगळे ठोके एकाच व्हेलॉसिटीवर (ठोक्याच्या जोराच्या आकड्यावर) असतील तर कितीही महागडं प्लगइन आणलं तरी ते टाइपरायटरच वाटणार, तिथे मात्रेवरचा ठोका ९५ च्या आसपास आणि मधला ६५-७० असं करून बघा. स्नेअरचे हळू ठोके ३०-४० वर. ह्युमनाइझचं बटण दाबून मोकळं व्हायचं नाही, ते ठोके नुसतं इकडेतिकडे हलवतं, वाजवणारा माणूस असा अंदाधुंद हलत नाही, तो ठरावीक ठोका दरवेळी जरा मागे खेचतो. आणि ड्रमरला हात दोनच असतात, क्रॅश, स्नेअर, हाय-हॅट एकाच क्षणी लिहिलेत तर कान ओळखतो.

सहावीतार:
केबल लावून मोजलं, ४१० सॅम्पल मागे होतं, म्हणजे साडेआठ मिलिसेकंद. ऑफसेट टाकल्यावर गिटार किकवर चपखल बसतेय. डायरेक्ट मॉनिटरिंगने वाजवायलाही मोकळं वाटतंय. हाय-हॅटवर काम चालू आहे. एक शंका, गिटार आणि किक खालच्या बाजूला एकमेकांत मिसळून गुबगुबीत होतंय, ते कसं सोडवू?

ठेकेदार:
माइक आधी साउंडहोलवरून हलवून बाराव्या फ्रेटच्या दिशेला न्या, एखादा फूट लांब. तरी उरलं तर गिटारला ८०-१०० हर्ट्झच्या खाली हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावा, सहाव्या तारेचा मोकळा सूर साधारण ८२ वर असतो, त्यामुळे आधी ८० वरच थांबून ऐका. आणि दोघांना एकच छोटी रूम रिव्हर्ब (खोलीत आवाज घुमल्याचा इफेक्ट) द्या, वेगवेगळी नको, तेव्हा ते एका खोलीत वाजवल्यासारखे वाटायला लागतात.