प्रतिसाद: हिमोग्लोबिन म्हणजे रक्ताचं माप नव्हे
वर विचारलंय, हिमोग्लोबिन 13 आलं म्हणजे अंगात रक्त पुरेसं आहे ना? नाही हो. तो आकडा डेसिलिटरमागे किती ग्रॅम एवढंच सांगतो, एकूण रक्त किती ते नाही. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 वर असताना पेशंट येतो, जीभ कोरडी, लघवी गडद. पाणी आटल्यामुळे हिमोग्लोबिन फुगून दिसतं. सलाईन चढलं की तेच उतरतं. ताज्या रक्तस्रावात तर पहिला रिपोर्ट चक्क नॉर्मल येऊ शकतो, याची मला खरी धास्ती वाटते. वजनाच्या किलोमागे 70 मिली रक्त हा निव्वळ अंदाज. नेमकं मोजायचं तर किरणोत्सारी आयोडीन-131 लावलेलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) शिरेतून देतात आणि ते किती पातळ झालं त्यावरून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, किती आहे याचा हिशेब करतात. हे अल्ब्युमिन हळूहळू रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, म्हणून थोड्या-थोड्या वेळाने अनेक नमुने घ्यावे लागतात.