मदत हवी आहे: पोलर्समध्ये बेस-६४ उलगडताना 'सातारा' गायब, 'मिरज' शाबूत

नमस्कार मंडळी,

आठवडाभर एकाच ठिकाणी अडकून पडलोय. जाणकारांनी जरा बघा.

आम्ही काही मित्रांनी यंदा उन्हाळ्यात वेगवेगळ्या तालुक्यांत विहिरींची पाहणी केली. मोबाइलवरच्या फॉर्ममधून प्रत्येक विहिरीची नोंद सर्व्हरवर जायची: तालुका, पाण्याची खोली आणि विहिरीचा एक फोटो. फॉर्म बनवणाऱ्याने तालुका आणि फोटो दोन्ही बेस-६४ करून, म्हणजे ६४ ठरावीक चिन्हांच्या मजकुरात बदलून पाठवले. ते सगळं आता एका सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलीत) आहे, साधारण ४ हजार ओळी.

मी पायथनमध्ये पोलर्स (तक्त्यांतली माहिती हाताळायची लायब्ररी) वापरतो. मोबाइलवरून लिहितोय, म्हणून कोड शब्दांतच सांगतो. रकाना वाचला, 'स्ट्रिप कॅरेक्टर्स'ने कडेच्या मोकळ्या जागा छाटल्या, मग स्ट्रिंगवरचं 'डिकोड' बेस-६४ देऊन चालवलं आणि आलेला बायनरी रकाना 'कास्ट' करून मजकूर केला. पहिल्याच फटक्यात एरर आली की बेस-६४ अवैध आहे, हवं तर 'स्ट्रिक्ट' (कडक तपासणी) बंद करा. मी केलं. आता प्रोग्राम चालतो, पण अर्ध्याहून जास्त तालुके नल, म्हणजे रिकामे येतात, आणि फोटोंचा रकाना तर जवळजवळ पूर्ण नल.

नीट आलेले: मिरज, बीड, जुन्नर, शिरूर, पंढरपूर.
नल झालेले: सातारा, कराड, नाशिक, बार्शी, वर्धा, भंडारा.

आधी वाटलं जोडाक्षरांची भानगड असेल, पण जुन्नर व्यवस्थित येतं आणि कराडमध्ये जोडाक्षरच नाही. मूळ नोंद दुसरीकडे कुठेही नाही. हे फोटो गेले तर भर उन्हात फिरलेल्या पोरांना परत विहिरी पालथ्या घालायला सांगावं लागेल, आणि पावसानंतर ती पातळी दिसणारही नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद १

पोलर्सचं सोडा, पायथनचं स्वतःचं बेस-६४ मॉड्यूल एकेका ओळीवर चालवून बघा. ते इतकं कडक नाही, बऱ्याचदा चालून जातं.

प्रतिसाद २

वरचा उपाय कृपया करू नका. पायथनचं ते फंक्शन वेगळं काही सांगितलं नाही तर अनोळखी चिन्हं गुपचूप टाकून देतं. चार चिन्हं गळाली तर उरलेली लांबी पुन्हा चारच्या पटीत बसते, एरर येत नाही, आणि हातात चुकीचे बाइट्स पडतात. नलपेक्षा ते वाईट, कारण नल निदान दिसतो.

आता मूळ प्रश्न. तुमच्या दोन याद्या शेजारी ठेवून वाचा. नल झालेल्या प्रत्येक नावात काना आहे. आलेल्या एकाही नावात नाही.

यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइट्समध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हंच. बेस-६४ तीन बाइट्सची चार अक्षरं करतं. म्हणजे एका चिन्हाची बरोबर एक चौकडी होते. तिची पहिली तीन अक्षरं जवळपास ठरलेली असतात, फरक पडतो तो चौथ्यात. कान्याच्या चौकडीचं चौथं अक्षर येतं +, आणि पहिल्या वेलांटीचं येतं /. बेस-६४ च्या चौसष्टांतली अक्षर-अंक नसलेली चिन्हं ही दोनच, आणि ती नेमकी आपल्या नेहमीच्या वापराच्या दोन खुणांच्या वाट्याला आली आहेत.

कोणी - आणि _ वाली यूआरएल-सुरक्षित वर्णमाला वापरली असती तर काना आणि पहिली वेलांटी दोन्ही पडले असते. पण मिरज आणि शिरूर शाबूत आहेत. म्हणजे / पोचलाय, फक्त + वाटेत हरवलाय. वेब फॉर्मच्या एन्कोडिंगमध्ये + चा अर्थच मोकळी जागा असा होतो. खरा + पाठवायचा तर तो %२बी असा लिहावा लागतो. ते राहिलं असणार. फोटोचंही तेच: लांबलचक ओळीत साधारण चौसष्ट अक्षरांमागे एक + येतो, त्यामुळे एकही फोटो सुटणार नाही.

कच्च्या सीएसव्हीत 'कराड' उघडा. मधे मोकळी जागा दिसली तर निदान पक्कं. बेस-६४ मध्ये स्पेस नसतेच, म्हणून 'रिप्लेस ऑल'ने प्रत्येक स्पेसचा पुन्हा + करा. आणि 'स्ट्रिक्ट' परत चालू करा, तुमची पहिली एरर खरं बोलत होती.

धागाकर्ता

दिसली! दुसऱ्या चौकडीनंतर नसून तिसऱ्या चौकडीच्या शेवटी, म्हणजे क, र आणि मग काना, बरोबर तिथेच मोकळी जागा. कराड, नाशिक, बार्शी सगळे आले. पण सातारा, वर्धा, भंडारा अजून एरर देतायत. सातारा मोजलं, २४ अक्षरं हवीत, २३ भरतात.

प्रतिसाद २

तिन्ही नावं कान्याने संपतात. शेवटचा + मोकळी जागा झाला आणि ती तुमच्या 'स्ट्रिप'ने छाटली. आधी 'रिप्लेस', 'स्ट्रिप' नकोच.

फोटोंचीही खात्री करून घ्या. उलगडलेल्या बायनरी रकान्यावर 'एन्कोड' हेक्स (बाइट्स सोळाच्या पायात लिहायची पद्धत) चालवा. जेपेग असेल तर सुरुवात एफएफ डी८ एफएफ आणि शेवट एफएफ डी९ दिसायला हवा. बायनरीवर 'स्टार्ट्स विथ' आणि 'एंड्स विथ' आहेत, गाळणी लावायला तेवढं पुरतं.

प्रतिसाद ३

एक भर. नावात दोन शब्द असतील, उदा. 'कोरेगाव भीमा', तर मधली स्पेस एकच बाइट घेते आणि तिथून चौकड्या सरकतात. मग पुढच्या कान्याला + येईलच असं नाही. तालुक्यांची नावं एका शब्दाची होती म्हणून हा नमुना इतका स्वच्छ दिसला. दुरुस्ती मात्र दोन्हीकडे तीच.

धागाकर्ता

सगळे तालुके आले, 'स्ट्रिक्ट' चालू ठेवून. फोटोही उघडतायत. पहिला उघडला तो बार्शीकडच्या एका विहिरीचा, कठड्यावर खडूने लिहिलेली खोली स्पष्ट वाचता येते. बघून खरंच गळा दाटून आला.

सात फोटोंचा शेवट एफएफ डी९ नाही. सीएसव्हीतच त्यांचा मजकूर मधे तुटलाय, तिथे काही करता येणार नाही. त्या सातही विहिरी दोन तालुक्यांतच आहेत, रविवारी आम्ही दोघं जाऊन काढून आणतो. फॉर्मवाल्या मित्राला + पाठवायची दुरुस्ती कळवली आहे. प्रतिसाद २ यांचे मनापासून आभार, आठवड्याचं काम तुम्ही दोन याद्या वाचून सोडवलंत.