घरच्या शेणापासून आणि ओल्या कचऱ्यापासून वीज शक्य आहे का?

मखमलाबादकर :
विल्होळीजवळ नाशिक महापालिकेच्या प्रकल्पात हॉटेलांतील उरलेले अन्न आणि सार्वजनिक शौचालयांतील मैला एकत्र कुजवून वीज तयार करतात, हे वाचल्यापासून एक विचार मनात घोळतो आहे. आमचे घर पाच माणसांचे आहे. रोज दोन गायींचे साधारण २० किलो शेण आणि दोन किलो ओला कचरा निघतो, तर वीज महिन्याला १५० युनिट लागते. बायोगॅसवर छोटे जनित्र चालवून ही गरज भागेल का?

गोदाकाठ :
एक किलो शेणापासून सुमारे ४० लिटर आणि एक किलो ओल्या कचऱ्यापासून सुमारे १०० लिटर गॅस धरला, तर आपल्याकडे रोज एक घनमीटर गॅस होईल. त्यात साधारण सहा युनिटांइतकी उष्णता असते. परंतु छोट्या इंजिनात तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा विजेत उतरतो आणि बाकीची धुराबरोबर निघून जाते. म्हणजे हाती सव्वा ते दीड युनिट येईल, आणि आपल्याला रोज पाच लागतात. तोच गॅस थेट शेगडीला जोडला, तर तो सिलिंडरमधल्या सुमारे साडेचारशे ग्रॅम गॅसचे काम करतो, म्हणजे महिन्याला जवळजवळ एक सिलिंडर वाचतो. माझ्या मते विजेसाठी छपरावर सौर पॅनेल बसवावीत आणि हा गॅस स्वयंपाकाला ठेवावा.

निफाडचा गोठा :
वरील हिशेब बरोबर आहे. माझ्याकडे दहा जनावरे असल्यामुळे मी जनित्र चालवतो, पण त्याची निगा फार राखावी लागते. गॅसमधील हायड्रोजन सल्फाइडमुळे पहिल्याच वर्षी इंजिनाचे बेअरिंग खराब झाले; तेव्हापासून गॅस लोखंडाचा कीस भरलेल्या नळीतून गाळून घेतो. आमच्याकडच्या थंडीत गॅस निम्म्यावर येतो, म्हणून शेण कोमट पाण्यात कालवतो. आणि कृपया सडका कांदा एकदम टाकीत ओतू नका. मी तसे केले होते, तेव्हा टाकी आंबली, मिथेन, म्हणजे गॅसमधला जळणारा भाग, तयार करणारे जिवाणू मंदावले आणि गॅस पेट घेईना. दहा दिवस नवा माल बंद ठेवून, नंतर फक्त शेण घातल्यावर ती सावरली.

मखमलाबादकर :
दोघांचेही मनापासून आभार. जनित्राचा विचार सोडला. टाकी आंब्याच्या सावलीत बांधणार होतो, ती आता दक्षिणेच्या उन्हात घेतो. बाहेर पडणारी स्लरी द्राक्षवेलींना चालेल ना?

निफाडचा गोठा :
निश्चित चालेल. शेणातील नत्र तिच्यात टिकून राहते. फक्त पाणी मिसळून द्यावी.