'टेम्पलेट डिप्लॉय करणे' : मराठीत नेमकं काय म्हणावं?

प्रश्न
ॲझ्युअर (मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा) पोर्टलवरच्या टेम्पलेटांची, म्हणजे सर्व्हर, नेटवर्क वगैरे काय घडवायचं ते लिहिलेल्या फाइलींची, मराठी मार्गदर्शिका तयार होते आहे. 'टेम्पलेट डिप्लॉय करणे' (ती फाइल चालवून त्या गोष्टी प्रत्यक्षात आणणे) यासाठी मसुद्यात 'साचा तैनात करणे' आहे, पण ते खटकतं. 'नमुना', 'आराखडा', 'उपयोजन' हे शब्दही सुचवले गेलेत. कोणता घ्यावा?

प्रतिसाद १
तैनात होते ती फौज किंवा पहारा, म्हणजे माणसं. 'उपयोजन' वाचल्यावर उपयोजित गणित आठवतं. नमुना बघायला असतो, आणि आराखडा म्हटलं की काम अजून कागदावरच आहे असं वाटतं. टेम्पलेटची जेसॉन फाइल (ठरावीक रचनेत लिहिलेला मजकूर) तशी नाही, ती जशी आहे तशी चालवता येते. 'साचा'च घ्या. त्यातल्या 'पॅरामीटर्स' विभागात रिकाम्या जागा असतात, 'रिसोर्सेस' विभागात घडवायच्या वस्तू. जागा भरल्या की वस्तू तयार.

प्रतिसाद २
साचा मान्य, पण एक धोका आहे. विटांच्या साच्यातून दहा वेळा माती काढली की दहा विटा होतात. इथे तोच साचा, तीच नावं, तोच संसाधन गट (घडवलेल्या वस्तू, म्हणजे संसाधनं, एकत्र ठेवण्याची जागा) ठेवून दहा वेळा चालवला तरी वस्तू एकच राहते. दुसऱ्या वेळेपासून साच्यात लिहिलेलं आणि प्रत्यक्षात असलेलं यांचा मेळ घातला जातो. म्हणून 'उभारणे' हे क्रियापद पहिल्या वेळेलाच जुळतं. 'लागू करणे' घ्या. नियम जसा नव्या-जुन्या सगळ्यांना लागू होतो, तसा साचा लागू होतो. साचा लागू केला, संसाधनं उभी राहिली : दोन्ही क्रिया वेगळ्या दिसतात.

प्रतिसाद ३
पोर्टलवरच्या बटणांची नावं मात्र भाषांतरित करू नका. वाचक ती पडद्यावर शोधणार आहे. 'डिप्लॉय अ कस्टम टेम्पलेट', मग 'बिल्ड युअर ओन टेम्पलेट इन द एडिटर', 'लोड फाइल', 'सेव्ह', फॉर्म भरून 'रिव्ह्यू + क्रिएट', शेवटी 'क्रिएट'. हे जसंच्या तसं राहू द्या.

प्रश्न
'पॅरामीटर' आणि 'व्हेरिएबल' दोन्हींना 'चल' म्हटलं तर?

प्रतिसाद १
नको. गणितात 'प्राचल' आणि 'चल' हे शब्द रुळलेले आहेत आणि इथला फरकही तेवढाच ठळक आहे. प्राचलाची किंमत साचा लागू करणारा बाहेरून देतो. चलाची किंमत साच्याच्या आतच ठरते. पोर्टल प्राचलांवरूनच फॉर्म बनवतं : मूळ किंमत दिली असेल तर रकाना आधीच भरलेला येतो, ठरावीक किमतींची यादी दिली असेल तर निवडसूची येते. चलं फॉर्मवर दिसतच नाहीत. एका साच्यात प्राचलं २५६ पर्यंतच चालतात.

उदाहरण द्यायचं तर स्टोरेज अकाउंटचं, म्हणजे डेटा साठवण्याच्या जागेचं, नाव घ्या. ते ३ ते २४ अक्षरांचं, फक्त लहान इंग्रजी अक्षरं आणि अंक असलेलं, आणि संपूर्ण ॲझ्युअरमध्ये एकमेव हवं. म्हणून नावाची सुरुवात प्राचलात घेतात, तिला 'युनिकस्ट्रिंग' फंक्शनची १३ अक्षरं जोडून पूर्ण नाव चलात ठेवतात. सुरुवात ११ अक्षरांपेक्षा लांब झाली की २४ ची मर्यादा मोडते.

प्रतिसाद २
साचा लागू करण्याच्या दोन पद्धतींपैकी 'इन्क्रिमेंटल मोड'ला मसुद्यात 'वाढीव पद्धत' म्हटलंय, ते बदलाच. वाचकाला वाटेल की जे आहे त्यात फक्त भर पडते. साच्यात नसलेली संसाधनं जागेवर राहतात हे खरं, पण साच्यात असलेल्या संसाधनाचे गुणधर्म नव्याने लिहिले जातात. वेब ॲपला पोर्टलवरून हाताने पाच सेटिंग्ज दिल्या आणि साच्याच्या यादीत तीनच असल्या, तर साचा लागू होताच उरलेल्या दोन जातात. 'इतरांना न हलवणारी पद्धत' लांबलचक आहे, पण खरं सांगते. 'कम्प्लीट मोड' साच्यात नसलेली संसाधनं गटातून काढून टाकतो, तेव्हा तिथे 'संपूर्ण'पेक्षा 'साच्याबरहुकूम' बरं. पोर्टलवरून पहिलीच पद्धत चालते.

प्रश्न
'व्हॅलिडेशन' म्हणजे 'पडताळणी' ना? पडताळणी झाल्यावरही संसाधन सापडत नाही म्हणून काम फसतं, ते कसं?

प्रतिसाद १
शब्द बरोबर आहे. पडताळणीत रचना आणि किमती तपासल्या जातात, सगळं उभं राहील याची हमी मिळत नाही. बहुतेकदा गफलत 'डिपेंड्सऑन'मध्ये, म्हणजे अवलंबित्वात असते. क्रम सांगितला नाही तर संसाधनं एकदमच बनायला लागतात, आणि नेटवर्क कार्ड जे सबनेट (नेटवर्कचा एक भाग) मागतं ते अजून तयारच नसतं. 'रिसोर्सआयडी' फंक्शनने नुसता पत्ता मिळतो, त्यातून क्रम लागत नाही. अवलंबित्व वेगळं लिहावंच लागतं.

प्रतिसाद ३
फसल्यावर काय उरतं तेही लिहा. एडब्ल्यूएस क्लाउडफॉर्मेशनमध्ये (ॲमेझॉनच्या क्लाउडमधली अशीच सोय) 'स्टॅक' फसला तर एरवी तो स्वतःहून मागे फिरतो, म्हणजे केलेले बदल उलटवतो. (त्या 'स्टॅक'ला 'चवड' नको, एकत्र हाताळायचा 'संच' म्हणा.) ॲझ्युअरमध्ये तसं आपोआप होत नाही, तोवर बनलेली संसाधनं तिथेच राहतात आणि त्यांचं बिलही चालू राहतं. चूक दुरुस्त करून तोच साचा पुन्हा लागू करायचा.