कोटोनिॲस्टरचं कुंपण खालून उघडं पडलंय, फळंही धरत नाहीत

अंगणकोपरा:
नमस्कार. हद्दीला कोटोनिॲस्टर या झुडपाचं कुंपण आहे, छातीइतकं उंच. वरून दाट, पण गुडघ्यापर्यंत नुसत्या काड्या. पानं वरून गडद हिरवी, शिरा खोल गेलेल्या, उलटी केली की पांढुरकी लव. हिवाळ्यातही पानं टिकतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पांढऱ्या फुलांचे गुच्छ लगडतात, मधमाश्यांची गुणगुण खिडकीपर्यंत येते. फुलं ओसरली की माळी मशीन घेऊन येतो आणि सगळीकडून सपाट करून जातो. लाल फळं मात्र कुठेतरी एखादा झुबका. शिवाय यंदा एका टोकाला काही फांद्यांचे शेंडे तपकिरी पडलेत. शेजारचे म्हणतात उपटा आणि दुसरं काही लावा. पक्ष्यांसाठी मुद्दाम लावलेलं आहे, उपटायला जीव होत नाही. वाचेल का?

रोपवेडा:
आधी ते तपकिरी शेंडे बघा, बाकीचं नंतर. कोटोनिॲस्टर हा सफरचंद-नासपतीच्या कुळातला, त्यामुळे त्याला फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य रोग होतो. पानं भाजल्यासारखी काळपट होतात, पण गळत नाहीत, तशीच लटकून राहतात. कोवळा शेंडा आकड्यासारखा वाकतो. जिथे वाळकं संपून हिरवं सुरू होतं तिथली साल नखाने खरवडा. आत तांबूस-तपकिरी डाग दिसला तर रोग धरून चाला आणि डागाच्या खाली किमान 30 सेंटिमीटर निरोगी लाकूड घेऊन फांदी कापा. जाड फांदी असेल तर 60. प्रत्येक कापानंतर पातं स्पिरिटने पुसा. कापलेलं खतखड्ड्यात टाकू नका. यावर औषध नाही, कापणं हाच उपाय.

हिरवी भिंत:
अंगणकोपरा, उपटू नका! तुम्ही पानांचं जे वर्णन केलंय त्यावरून हा कोटोनिॲस्टर लॅक्टिअस वाटतो. कुंपणासाठी माझी सगळ्यात आवडती जात, आणि चिवट. जुन्या लाकडातूनही फुटते.

फळं का नाहीत ते तुमच्याच प्रश्नात आहे. फुलं ओसरली की त्याच देठांवर हिरवे मणी धरतात, अगदी बारीक, पटकन नजरेत न येणारे. नेमक्या त्याच वेळी मशीन फिरतं. म्हणजे दरवर्षी सगळं पीक कापून फेकलं जातंय. दुसरी गोष्ट, याला फुलं येतात ती जुन्या फांद्यांवरच्या आखूड फुटव्यांना. सगळा पृष्ठभाग सपाट केला की ते फुटवेही जातात.

मुख्य छाटणी हिवाळा सरताना करा, पक्ष्यांनी फळं संपवल्यावर आणि नवी पालवी यायच्या आत. उन्हाळ्यात फक्त सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात घ्या. एक फांदी धरा, टोकाकडून आत या. आधी लांबट, कोवळी, फिकट हिरवी वाढ लागते, मग मण्यांचा झुबका. झुबक्याच्या जरा पुढे कापा, झुबका राहू द्या. कोवळी पानं बाजूला झाली की फळं उघड्यावर येतात, पिकल्यावर लांबून दिसतात. वेळ लागतो, मान्य आहे. पण मला वर्षभराच्या बागकामात हेच काम सगळ्यात जास्त आवडतं. फांदी न् फांदी हातातून जाते आणि रोग, कीड, पक्ष्याचं घरटं, सगळं वेळेत कळतं. (घरटं दिसलं तर तेवढा भाग पिल्लं उडेपर्यंत सोडा.)

आता उघडं पडलेलं बूड. खाली ऊन पोचत नाही, म्हणून पानं नाहीत. कुंपण वर रुंद आणि खाली अरुंद होत गेलं की वरचा भाग खालच्यावर सावली धरतो. आकार उलटा करा, पाया रुंद ठेवून वरती निमुळतं घ्या. एकदम नको. या हिवाळ्याअखेर एक बाजू आत खोलवर घ्या, पुढच्या वर्षी दुसरी. काही फांद्या अगदी जमिनीलगत कापा, तिथूनच नवे फुटवे निघतील. त्यानंतर शेणखत किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन द्या, खोडाला न टेकवता. नत्राची खतं मात्र बेतानं. लुसलुशीत वाढ फायर ब्लाइटला लवकर बळी पडते.

अंगणकोपरा:
मनापासून आभार! साल खरवडली, आत स्वच्छ हिरवट-पांढरी आहे. पण शेंड्यांवर रेशमासारखी जाळी आहे आणि आत बारीक गडद अळ्या. एका ठिकाणी झुडूप मेलंय, तिथे खिंडार आहे. तिथे काय लावू?

रोपवेडा:
मग निश्चिंत व्हा, ही जाळी विणणारी अळी. पानाचा वरचा थर खाते, म्हणून ते वाळल्यासारखं दिसतं. जाळीसकट शेंडे कापून टाका, एवढं बास. रस्त्याकडेला कुंपण असेल तर खिंडारात कोटोनिॲस्टरचीच दुसरी जात, फ्रँचेटी, लावायचा विचार करा. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या 2021 मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात, वर्दळीच्या रस्त्यांवर या जातीने इतर झुडपांपेक्षा किमान 20 टक्के जास्त प्रदूषण अडवलं होतं. पानं खरखरीत, लवदार असतात, धूळ धरून ठेवतात.

हिरवी भिंत:
फ्रँचेटी उत्तमच, पण वाकत्या फांद्यांचा आणि अर्धवट पानगळीचा. लॅक्टिअसच्या रांगेत हिवाळ्यात तो तुकडा विरळ दिसेल. मी तरी तुमच्याच झुडपाची रोपं करीन. उन्हाळा उतरताना, यंदाची वाढ बुडाशी जरा कडक झाली की बोटभर लांबीच्या काड्या घ्या, खालची पानं काढा, वाळूमिश्रित मातीत सावलीत लावा. बी पेरायची असेल तर धीर हवा. तिला आधी ऊब आणि मग थंडी लागते, उगवायला वर्ष-दीड वर्ष जातं. गंमत म्हणजे बऱ्याच जातींची बी थेट आईसारखीच रोपं देते.

मेलेल्या झुडपाची मुळं काढताना खड्ड्यात पाणी ओतून बघा. तासन् तास साचून राहत असेल तर झुडूप त्यानेच गेलंय. कोटोनिॲस्टरला चुनखडीची जमीन चालते, कोरडी चालते, पाय ओले चालत नाहीत. निचरा करून मगच लावा. दोन रोपांत 45 ते 60 सेंटिमीटर ठेवा आणि पहिला उन्हाळाभर पाणी तोडू नका.

घरात लहान मुलं असतील तर फळं तोंडात घालू नयेत हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा, पोट बिघडतं. आणि उन्हाळ्यात मशीन आणू नये हे माळीदादांना!