डेस्कटॉपसाठी साउंड कार्ड : पीसीआय एक्सप्रेस घ्यावं की यूएसबी?

नमस्कार मंडळी,

आईच्या गाण्याच्या शिकवणीच्या दोन ट्रंका भरून कॅसेट घरी आहेत. गुरुजींनी समोर बसवून दिलेल्या बंदिशी, मध्येच थांबवून केलेल्या दुरुस्त्या, सगळं त्यात आहे. दुसरी प्रत कुठेही नाही. म्हणून मी त्या संगणकावर उतरवून घेतोय. जुन्या डेस्कटॉपमध्ये पीसीआय (मदरबोर्डावरचा जुन्या पद्धतीचा स्लॉट) साउंड कार्ड होतं, कॅसेट डेकची वायर सरळ त्याच्या लाइन-इनला लावायचो आणि आवाज स्वच्छ यायचा. तो मदरबोर्ड गेला. नवीन मशीन बी५५० मदरबोर्डाचं, विंडोज ११. त्यात पीसीआयचा स्लॉटच नाही.

बोर्डावरच्याच लाइन-इनमधून एक कॅसेट घेऊन पाहिली. दोन ओळींमधल्या शांत जागेत बारीक किणकिण येते आणि माउस हलवला की तिचा सूर बदलतो. नुसता तंबोरा चालू असताना तर ती फारच खुपते.

आता तीन वाटा दिसतात. जुनं कार्ड पीसीआय ते पीसीआय एक्सप्रेस अडॅप्टरवर बसवणं, नवीन पीसीआय एक्सप्रेस (आताच्या बोर्डांवरचा स्लॉट) कार्ड घेणं, किंवा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे केबलने बाहेरून जोडायचं साउंड कार्ड. दुकानदार म्हणतो, आतलं कार्ड वेगवान, यूएसबीवर आवाज उशिरा पोचतो. बजेट दहा हजारांपर्यंत. आई अजून गाते, तेव्हा पुढे तिचा आवाज कंडेन्सर माइकवर घ्यायचाही विचार आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

दादा, आधी त्या कॅसेट उन्हापासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा. बाकी सगळं नंतर.

तुमच्या कामात वेगाचा प्रश्न येतच नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचा स्टिरिओ आवाज सेकंदाला साधारण ४.६ मेगाबिट जागा घेतो. यूएसबी २.० ची मर्यादा ४८० मेगाबिट आहे. जुना पीसीआयसुद्धा सेकंदाला १३३ मेगाबाइट न्यायचा. काही पीसीआय एक्सप्रेस कार्डांत तर आतली चिप पीसीआयचीच असते, मध्ये दोन्ही जोडणारी एक ब्रिज चिप बसवलेली. असूसचं झोनार एसेन्स एसटीएक्स तसंच होतं. त्यामुळे स्लॉटच्या नावावरून आवाजाचा दर्जा ठरवू नका.

उशिराचं म्हणाल तर कॅसेट उतरवताना काही मिलिसेकंद मागे-पुढे झाले तरी काहीच बिघडत नाही. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तेव्हाच तो त्रास जाणवतो, आणि त्यासाठी बऱ्याच इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं. आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो.

खरा फरक किणकिणीचा. कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, पंखे सगळे एकत्र नांदतात. चांगलं शील्ड असलेलं आतलं कार्डही शांत असतं, नाही असं नाही, पण यूएसबी इंटरफेसमध्ये अॅनालॉग आवाजाचे आकडे होतात ते कॅबिनेटच्या बाहेर. शिवाय कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच केबलमधून जाणारी वीज, लागते. ती गेमिंगच्या बहुतेक आतल्या कार्डांवर मिळत नाही. मी तुमच्या जागी असतो तर यूएसबीच घेतला असता.

घेताना 'क्लास कंप्लायंट', म्हणजे कंपनीच्या वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा, आहे ना, हे विचारा. २०१७ च्या विंडोज १० आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ २.० चा ड्रायव्हर विंडोजमध्येच आहे, लिनक्समध्येही आहे. कंपनीने नवे ड्रायव्हर देणं बंद केलं तरी इंटरफेस चालत राहतो. दोन्ही चॅनेलला लाइन इनपुट हवेत, नुसता माइक आणि गिटारचा नको. केबल मागच्या पोर्टला लावा, हबला नको.

धागाकर्ता

मनापासून आभार. अडॅप्टरची वाट सोडून द्यायची का? त्या कार्डावर जीव आहे. आणि भोंगा, म्हणजे सतत घुमणारा आवाज, आला तर काय करायचं?

प्रतिसाद

कार्डावर आइस१७१२ चिप असेल तर लिनक्सच्या अल्सा या ध्वनी-यंत्रणेमध्ये तिचा ड्रायव्हर अजून आहे. एखादं पीसीआय स्लॉटवालं जुनं मशीन मिळालं तर त्यात ते सुखाने चालेल. अडॅप्टरच्या भानगडीत मात्र या कॅसेटच्या बाबतीत पडू नका.

भोंगा म्हणजे बहुतेक ग्राउंड लूप, दोन उपकरणांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जोडली गेल्याने येणारा. डेक आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.

उतरवताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरे, कॅसेटमध्ये त्याहून जास्त काही नसतं. लेव्हल कमाल पातळीच्या दहा-बारा डेसिबल खाली ठेवा, म्हणजे तान चढली तरी फाटणार नाही. कॅसेट डॉल्बी बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) लावून भरली असेल तरच डेकवरचं ते बटण दाबा, नाहीतर वरचे स्वर बोथट होतील. आणि मूळ वेव्ह फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. आवाजाची साफसफाई करायची ती तिसऱ्या प्रतीवर.